तुझ्या शेडच्या पायाविषयी: मुलीस पत्र

चि. बाळ,

अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला आराखडा आणि तिन्ही कोटेशने मी सावकाश वाचली. २० मीटर रुंद, ३० मीटर लांब आणि वळचणीपाशी ६ मीटर उंच अशी लोखंडी शेड तू स्वतःच्या जागेवर उभारणार आहेस आणि तिच्यात तुझी कार्यशाळा थाटणार आहेस, याचा मला मनापासून आनंद झाला. पत्रा किती जाडीचा घ्यावा, रंग कोणता निवडावा आणि तिन्हींपैकी कोणते कोटेशन पत्करावे, असे तू विचारले आहेस. या प्रश्नांकडे मी येणारच आहे. पण त्याआधी पायाविषयी लिहिते, कारण तिन्ही कोटेशनांत पायाचा उल्लेख 'ग्राहकाकडून' एवढ्या एका शब्दात उरकलेला आहे आणि या संपूर्ण कामात सर्वांत जास्त विचार करण्यासारखी गोष्ट तीच आहे.

विटांच्या किंवा काँक्रीटच्या घराचा पाया मुख्यतः घराचे वजन जमिनीत नीट पोचवण्यासाठी असतो. लोखंडी शेडच्या पायालाही ते काम असते, परंतु त्याचे अधिक अवघड काम उलट्या दिशेचे असते. अशी इमारत तिच्या आकाराच्या मानाने अतिशय हलकी असते आणि वारा छतावरून वाहू लागला की छत वर ओढले जाते. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. वेग सेकंदाला ४० मीटर, म्हणजे ताशी १४४ किलोमीटर धरला, तर मूळ दाब दर चौरस मीटरला सुमारे ९६० न्यूटन, म्हणजेच जवळजवळ ९८ किलो वजनाइतका भरतो. छतावरची प्रत्यक्ष ओढ उतार, उंची आणि जागा यांप्रमाणे कमीजास्त होते, आणि कडांपाशी व कोपऱ्यांत ती मधल्या भागापेक्षा पुष्कळच अधिक असते. तरी ढोबळ हिशोबासाठी आपण तोच आकडा धरू. तुझ्या छताचे पत्रे, पर्लिन (पत्रे ज्यांवर बसतात त्या आडव्या पट्ट्या) आणि फ्रेमचा (दोन खांब व त्यांना जोडणारी वरची तुळई यांच्या चौकटीचा) वरचा भाग मिळून दर चौरस मीटरला जेमतेम २० ते २५ किलो भरतील. म्हणजे उरलेली सुमारे ७५ किलोंची ओढ जमिनीत घट्ट धरून ठेवणारे काहीतरी हवे.

आता हा आकडा एका खांबापुरता मोजून पाहा. तुझ्या फ्रेम ६ मीटर अंतरावर आहेत आणि रुंदी २० मीटर आहे, म्हणजे मधल्या प्रत्येक फ्रेमच्या वाट्याला १२० चौरस मीटर छत येते आणि त्यातले निम्मे, म्हणजे ६० चौरस मीटर, एका खांबावर येते. ७५ गुणिले ६० म्हणजे ४,५०० किलो. ऐन वादळात तुझा एकेक खांब साडेचार टनांच्या ओढीने जमिनीतून उपटला जाऊ पाहणार. काँक्रीटचे वजन दर घनमीटरला सुमारे २,४०० किलो असते, त्यामुळे केवळ वजनाने ही ओढ तोलायची म्हटली तर प्रत्येक खांबाखाली जवळजवळ दोन घनमीटर काँक्रीट लागेल, आणि त्यावर सुरक्षिततेसाठी आणखी काही राखून ठेवावे लागेल. पसरट फूटिंग (खांबाखालचा रुंद काँक्रीटचा ठोकळा) खोल घालून त्यावर माती दाबून भरली तर त्या मातीचे वजनही उपयोगी पडते आणि काँक्रीट कमी लागते. मी मांडलेला हा हिशोब केवळ तुला अंदाज यावा म्हणून आहे. नेमके आकडे तुझ्या जागेच्या वाऱ्यासाठी आणि मातीसाठी अभियंत्यानेच काढले पाहिजेत. पण एक गोष्ट यावरून लक्षात येईल. 'हलकी इमारत आहे, पाया थोडका चालेल' असे जो कोणी तुला सांगेल, त्याने नेमका उलटा अर्थ लावलेला आहे.

याच संदर्भात तुझ्या मोठ्या शटरविषयी सांगते. पुढच्या भिंतीत ५ मीटर रुंदीचे शटर तू दाखवले आहेस. इमारत बंद असेल तेव्हा वारा तिला बाहेरून ढकलतो आणि छताला वरून ओढतो, एवढेच होते. परंतु वादळात ते शटर उघडे राहिले किंवा दाबाने मोडून आत आले, तर वारा आत शिरून छताला खालूनही ढकलू लागतो, आणि उलटणाऱ्या छत्रीसारखी संपूर्ण छताची अवस्था होते. वादळात छत गेलेल्या कित्येक शेडची हकिगत तपासली की सुरुवात दरवाज्यापासून झालेली आढळते. म्हणून शटर किती वाऱ्याला टिकेल याचा लेखी आकडा मागून घे, त्याच्या बाजूच्या मार्गदर्शक पट्ट्या मजबूत खांबांना बसवून घे आणि रचनेचा हिशोब करणाऱ्याला या दाराची माप-जागा आधीच कळव. पुढे कधी भिंत कापून आणखी एक दार करावेसे वाटले, तर तेही त्याला विचारल्याशिवाय करू नकोस.

पायावर आणखी एक भार येतो आणि तो हमखास विसरला जातो. तुझी शेड मधे एकही खांब नसलेली, एका कमानीसारख्या ताठ फ्रेमची आहे. अशा फ्रेमवर वरून भार आला की तिचे खांब तळाशी बाहेरच्या बाजूला सरकू पाहतात. हा आडवा रेटा पायाने पेलायचा असतो, आणि माती भुसभुशीत असेल तर समोरासमोरचे दोन पाय जमिनीखालून सळयांनी किंवा काँक्रीटच्या तुळईने एकमेकांना बांधावे लागतात. फरशीच्या काँक्रीटमध्येच या सळया घालता येतात, पण मग ती फरशी पुढे कधी खणून चालत नाही. यंत्रासाठी तुला खड्डा हवा असल्याचे तू मागे म्हणाली होतीस; तो कुठे येणार हे पायाचा नकाशा होण्यापूर्वीच ठरव.

फ्रेम विकणारी कंपनी त्या फ्रेममुळे पायावर किती भार येतील याचे कोष्टक देते, आणि ते कोष्टक आणि मातीचा अहवाल हातात आल्यावरच पायाचा अभियंता पुढचे काम करू शकतो. म्हणून क्रम लक्षात ठेव: आधी मातीची तपासणी, मग भारांचे कोष्टक, मग पायाचा नकाशा आणि मगच खोदकाम. भिजल्यावर फुगणारी आणि वाळल्यावर आकसून भेगाळणारी चिकणमाती असेल तर पाया किती खोल न्यायचा हे तिच्यावरच ठरते. जमीन गोठते अशा ठिकाणी गोठणाऱ्या थराच्या खाली जावे लागते. भराव टाकून सपाट केलेल्या भागावर तर मूळ जमीन लागेपर्यंत विश्वासच ठेवू नये. तुझ्या जागेचा मागचा कोपरा पूर्वी खोलगट होता असे तू लिहिले आहेस, तेव्हा तिथे एक तपासणी-खड्डा वेगळा घ्यायला सांग.

अँकर बोल्टच्या, म्हणजे खांब पायाला जखडणाऱ्या बोल्टच्या, कामावर तू स्वतः उभी राहावीस अशी माझी इच्छा आहे. फ्रेम कारखान्यातून भोके पाडूनच येते. पायातले बोल्ट काही मिलिमीटरपेक्षा अधिक हलले, तर खांबाच्या तळाची बेस प्लेट त्यांवर बसत नाही, आणि मग जागेवर भोके मोठी करणे, बोल्ट वाकवणे असले उद्योग सुरू होतात. वाकवलेल्या बोल्टवर साडेचार टनांची ओढ सोपवायची नसते. म्हणून प्रत्येक खांबासाठी भोके पाडलेली पोलादी पट्टी करून घ्यावी, तिच्यात चारही बोल्ट अडकवून ते सळयांच्या जाळीला पक्के बांधावे आणि काँक्रीट ओतताना व ओतून झाल्याबरोबर पुन्हा मोजावे. बाहेरच्या चार कोपऱ्यांचे कर्ण मोजले की इमारत गुण्यात, म्हणजे काटकोनात, आहे की नाही ते कळते: २० आणि ३० मीटरच्या आयताचा कर्ण ३६ मीटर आणि साडेपाच सेंटीमीटरहून किंचित अधिक भरतो, आणि दोन्ही कर्ण सारखे आले पाहिजेत. बोल्टचे आटे काँक्रीटने माखू नयेत म्हणून त्यांवर ग्रीस लावून टोप्या घालाव्यात. काँक्रीट निदान सात दिवस ओले ठेवावे; नेहमीच्या सिमेंटला ठरलेली ताकद २८ दिवसांनी येते, असे आपण हिशोबात धरतो. फ्रेम ओळंब्यात आल्यावर बेस प्लेटखाली राहिलेली फट न आकसणाऱ्या ग्राउटने (सिमेंटच्या पातळ मिश्रणाने) भरायची असते आणि हे काम घाईत राहून जाते. तसे झाले तर सगळा भार बोल्टवर आणि पाचरींवरच टेकून राहतो.

उभारणीच्या दिवसांत मी तुझ्याकडून एकच आग्रह धरीन. पूर्ण झालेली शेड भक्कम असते, कारण फ्रेम, पर्लिन, तिरपे ब्रेसिंग (फ्रेमना तिरकस बांधून ठेवणारे दांडे) आणि पत्रे एकमेकांना धरून असतात. अर्धवट उभी असताना यांतले काहीच पुरे झालेले नसते. आयुष्यभर पोलादी इमारतींचे नकाशे तपासताना उभारणीत कोसळलेल्या दोन सांगाड्यांचे अहवाल माझ्या टेबलावर आले आणि दोन्हींत सुटे भाग निर्दोष होते. ब्रेसिंग मात्र 'उद्या लावू' म्हणून राहिले होते आणि रात्री वारा सुटला. म्हणून पहिल्या दोन फ्रेम उभ्या राहिल्या की त्यांच्यामधले पर्लिन, गर्ट (भिंतीचे पत्रे धरणाऱ्या आडव्या पट्ट्या) आणि तिरपे ब्रेसिंग पूर्ण बसवून, ओळंबा तपासून आणि बोल्ट आवळूनच तिसरी फ्रेम उचलायची. तो पहिला गाळा, म्हणजे दोन फ्रेममधला भाग, बाकीच्या सर्वांचा आधार असतो. त्याशिवाय तात्पुरते तारेचे ताण बांधावेत आणि संध्याकाळी काम थांबवताना एकही फ्रेम मोकळी सोडू नये. क्रेनच्या वाटेत विजेच्या तारा येतात का हे आधी पाहा. तुझ्या फोटोत पूर्वेच्या कुंपणाजवळ त्या दिसतात, आणि वीज कंपनीशी बोलल्याशिवाय क्रेन त्या बाजूला उभी करू देऊ नकोस. छतावर चढणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर पट्टा आणि त्याला बांधायला दोरी असलीच पाहिजे. प्रकाशासाठीचे जे अर्धपारदर्शक पत्रे तू मागवले आहेस त्यांवर कोणीही पाय ठेवायचा नाही. धूळ बसल्यावर ते धातूच्या पत्र्यासारखेच दिसतात आणि माणसाचे वजन घेत नाहीत. त्यांच्याखाली जाळी बसवून घे. तिचा खर्च मी देते.

आता पत्र्याकडे येते. १८२९ साली लंडनच्या गोद्यांचे अभियंता हेन्री पामर यांनी पन्हळी पत्र्याचे पेटंट घेतले, आणि १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याच्या पद्धतीचे. पातळ पत्र्याला घड्यांनी ताठपणा आणि जस्ताने आयुष्य मिळाले, आणि तुझ्या शेडचा पत्रा आजही याच दोन कल्पनांवर उभा आहे. कोटेशनमध्ये '०.५ मिलिमीटर' असे लिहिलेले असते, तेव्हा ती जाडी नुसत्या पोलादाची आहे की मुलामा आणि रंग धरून आहे, हे विचारल्याशिवाय दोन भावांची तुलना होऊच शकत नाही. तुझ्या तिसऱ्या कोटेशनचा कमी भाव बहुधा याच फरकातून आलेला असावा. मुलाम्यांत दोन पर्याय तुझ्यापुढे आहेत: शुद्ध जस्ताचा आणि ५५ टक्के ॲल्युमिनियम, सुमारे ४३.५ टक्के जस्त व उरलेले सिलिकॉन अशा मिश्रणाचा. उघड्यावरच्या छतासाठी दुसरा साधारणपणे अधिक काळ टिकतो, मात्र ओल्या काँक्रीटचा आणि ताज्या सिमेंट-गिलाव्याचा स्पर्श त्याला सोसत नाही, म्हणून भिंतीचा पत्रा थेट फरशीत रुतवू देऊ नकोस. तांब्याच्या नळीतून ठिबकणारे पाणी दोन्ही मुलाम्यांना खाते. वातानुकूलन यंत्राची पाण्याची नळी छतावर सोडू नये ती यासाठीच.

रंग फिका घे. गडद छत उन्हात अधिक तापते आणि तापलेला पत्रा अधिक ताणला जातो. पोलाद दर अंश सेल्सिअसला आपल्या लांबीच्या दहा लाख भागांपैकी १२ भाग इतके वाढते. ४० अंशांच्या फरकात ३० मीटर लांबी साधारण साडेचौदा मिलिमीटर वाढते. रोजच्या या ये-जाने स्क्रूंची भोके हळूहळू रुंदावतात आणि रबरी वॉशर झिजतात. स्क्रू इतकाच आवळावा की वॉशर नीट बसेल, दबून बाहेर येणार नाही. पत्रा जागेवर घासणाऱ्या चकतीने कापू देऊ नये, कारण तिच्या उष्णतेने कडेचा मुलामा जळतो आणि उडालेल्या तप्त कणांचे गंजके डाग महिन्याभरात साऱ्या पत्र्यावर उठतात. कात्रीने किंवा पत्रा कुरतडणाऱ्या यंत्राने कापावा आणि छिद्रे पाडल्यावरचा कीस त्याच संध्याकाळी झाडून काढावा. पत्र्यांची थप्पी आली की तिरपी, जमिनीपासून उंच आणि झाकून पण हवा खेळेल अशी ठेवावी. थप्पीत पाणी मुरले तर बसवण्यापूर्वीच जस्तावर पांढरी बुरशीसारखी पूड धरते.

छतावरच्या पाण्याचाही हिशोब कर. ६०० चौरस मीटरवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला तर ३०,००० लिटर पाणी खाली येते, म्हणजे प्रत्येक बाजूच्या पन्हळीत मिनिटाला अडीचशे लिटर. हे पाणी खांबांच्या पायाशी सोडले तर वर सांगितलेली मातीची सगळी तपासणी वाया जाईल. ते दूर नेण्याची सोय पायाच्या नकाशातच हवी, आणि साठवता आले तर फारच उत्तम.

आतून ठिबकणाऱ्या पाण्याने पुष्कळ लोक चक्रावतात. निरभ्र रात्री पत्रा आकाशाकडे उष्णता सोडून भोवतालच्या हवेहूनही थंड होतो, आणि आतली दमट हवा त्याला लागली की पाणी सुटते. २५ अंशांच्या आणि ७० टक्के आर्द्रतेच्या हवेला १९ अंशांचा पत्रा एवढ्यासाठी पुरतो. तुझी यंत्रे आणि हत्यारे त्याखाली असणार. म्हणून छताखाली उष्णतारोधक थर आणि त्याच्या उबदार बाजूला बाष्प अडवणारा पडदा आत्ताच घाल, आढ्यावर हवा बाहेर जायला वाट ठेव आणि फरशीच्या काँक्रीटखालीही जाड प्लॅस्टिकचा थर अंथरून घे. पत्रे चढल्यावर हा थर घालणे फार जिकिरीचे होते.

पोलाद जळत नाही म्हणून आगीविषयी निर्धास्त राहू नकोस. ६०० अंश सेल्सिअसला त्याची ताकद निम्म्याहूनही थोडी कमी उरते, आणि कार्यशाळेतल्या तेलाच्या वा लाकडाच्या आगीला तिथवर पोचायला वेळ लागत नाही. रंग आणि तेले वेगळ्या छोट्या खोलीत ठेव, आणि दोन विरुद्ध टोकांना माणसे बाहेर पडतील अशी दारे ठेव. सांगाड्याला अर्थिंग तर हवेच हवे.

कोटेशनांविषयी माझे मत असे आहे. पहिले सर्वांत महाग दिसते, पण त्यात पन्हळी, कडांच्या पट्ट्या, उष्णतारोधक थर आणि उभारणी धरलेली आहे. दुसऱ्यात उभारणी नाही. तिसऱ्यात सांगाडा आणि पत्रे यांपलीकडे काहीच नाही. तिन्हींना मालाची एकच यादी पाठव आणि तिच्यावर भाव मागव. नकाशांवर तुझ्या जागेसाठी धरलेला वाऱ्याचा वेग, आणि बर्फ पडत असेल तर त्याचा भार, स्पष्ट लिहिलेला व जबाबदार अभियंत्याने सही केलेला असलाच पाहिजे. दुसऱ्या गिऱ्हाइकाने सोडून दिलेली तयार इमारत स्वस्तात देतो असे तिसऱ्या विक्रेत्याने तुला फोनवर सांगितले आहे. ती कुठल्या वाऱ्यासाठी रचलेली होती याचा कागद तो देत नसेल तर तो सौदा कितीही स्वस्त असला तरी करू नये. पैसे टप्प्यांनी दे: नकाशे, माल, उभारणी असे, आणि शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतर गळती तपासूनच. जागा तुझी असली तरी बांधकामाची परवानगी, कुंपणापासून सोडायचे अंतर आणि कार्यशाळेसाठी जमिनीचा वापर मंजूर आहे का, या गोष्टींचे कागद हाती आल्याशिवाय कारखान्याला माल कापायला सांगू नये, कारण एकदा कापलेली फ्रेम लहान-मोठी होत नाही.

पुढे शेड लांबवायचा तुझा विचार असेल, तर मागची शेवटची फ्रेमही मधल्या फ्रेमइतकीच मजबूत करून घे. आज तिच्यावर निम्म्या गाळ्याचाच भार येणार म्हणून ती हलकी धरलेली आहे, असे नकाशावरून दिसते. आत्ता थोडे अधिक पोलाद घातले तर नंतर केवळ मागची भिंत सोडवून पुढे सरकवता येईल. याबद्दल तुझा निर्णय मला कळव, म्हणजे पायाच्या अभियंत्याला विचारायच्या प्रश्नांत तो घालते. मातीचा अहवाल आला की त्याची प्रत पाठव, आणि माझ्या नजरेखालून नकाशा जाईपर्यंत त्या खोदकाम करणाऱ्याला बोलावू नकोस.

तुझी,
आई